कानोसा

मुर्गाबला उन्हाळ्यातही रात्री बादलीतलं पाणी गोठतं.
बाजारातल्या लोखंडी कंटेनरांच्या मागे, वाऱ्याकडे पाठ करून
उस्ताद नुरमामातचा खड्डा आहे:
दोन लाकडी ओंडके, एक जॅक, आणि मी.
मी, कारण उस्तादला आता
बारीक आवाज ऐकू येत नाहीत.

जाडे आवाज त्याचे. घरघर, गडगड, ठणका.
ते तो बुडाने ऐकतो, सीटवर डोळे मिटून.
शीळ, कुरकुर, किणकिण माझ्याकडे.
दोघांचा मिळून एक कान.

शमशीबेक खोरोगहून पीठ घेऊन आला,
जुनी लँडक्रूझर, टपावर पोती.
"साठला थरथरते," म्हणाला, "ऐंशीला गप्प बसते.
माझ्या बायकोच्या अगदी उलट."
उस्ताद हसला नाही.
त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

पोती उतरवून काराकुलच्या रस्त्याला लागलो,
जिथवर डांबर शिल्लक आहे तिथवर.
उस्तादने गाडी डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली.
चाकाचं बेअरिंग असतं तर एका कुशीवर कण्हलं असतं.
ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. तेच.
न्यूट्रल करून उतारावर मोकळी सोडली. तेच.
"म्हणजे इंजिन सुटलं," तो म्हणाला,
जणू एखाद्याला जामीन मिळावा.

वळताना टकटक? मी म्हटलं, नाही.
रिव्हर्स टाकताना ठक्? नाही.
"डिफरन्शिअल सूर लावून रडतं,
चढाला एक सूर, उताराला दुसरा. येतोय?"
नाही. नुसत्या मुंग्या. तळपायात.
"नाही म्हणायला शिकलीस," तो म्हणाला,
"आता निम्मी मेकॅनिक झालीस."

चाकांच्या आतला वाळका चिखल खरवडला.
अंगठ्याएवढा गोळासुद्धा अख्खी गाडी नाचवतो.
पण थरथर होती तिथेच होती.

मग मागचा शाफ्टच काढून ठेवला,
मधलं लॉक लावलं,
आणि पुढच्या दोन चाकांनी गाडी ओढली.
मागची दोन वरातीतल्या पाहुण्यांसारखी नुसती सोबत.
पन्नास. साठ. पासष्ट.
डॅशबोर्डवर सांडलेल्या पिठाचा कणही हलेना.

शाफ्ट फळीवर. क्रॉस घट्ट. ग्रीस ताजं, निळं,
कुणीतरी जीव लावून भरलेलं.
उस्तादने बोटाने दाखवलं:
दोन टोकांचे दोन काटे एका रेषेत हवेत.
हे नव्हते. जोडताना
एक दात सरकला होता. एकच.

"शेवटचं कुणी उघडलं होतं?"

शमशीबेकने टोपी काढली, झटकली, परत घातली.
"तिलेकने. मार्चमध्ये.
येकातेरिनबुर्गला निघायच्या आदल्या रात्री.
टॉर्च मी धरला होता."
जरा वेळाने म्हणाला,
"म्हणजे माझाच हात हलला असेल."

उस्तादने खडूची रेघ ओढली, दात जुळवला.
बोल्ट मी आवळले.

संध्याकाळी परत डांबरावर.
साठवर काटा आला तसा शमशीबेकने फोन लावला
आणि गिअरच्या दांड्याला टेकवून धरला.
"ऐकतोस?"
पलीकडून, कुठल्यातरी इमारतीच्या ठोकाठोकीतून:
"काहीच ऐकू येत नाहीये, बाबा."
"हां," तो म्हणाला. "तेच."
दाताबद्दल बोलला नाही.

उस्तादने मला कोपराने ढोसलं. काय म्हणाला पोरगा?
मी त्याच्या कानात ओरडले.
त्याने मान डोलावली, डोळे मिटले,
आणि आपल्या वाट्याचे आवाज चाचपत बसला.
एकही नव्हता.

मला मात्र पुढून, डाव्या बाजूने,
एक बारीकशी शीळ येत होती.

ती उद्या सांगेन.